अकरा पायऱ्यांचा कठडा

राधानगरीत सपाट जागा मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे. इथे घर बांधायचे तर आधी डोंगर खणावा लागतो, मग पाया घ्यावा लागतो आणि सगळे झाल्यावर लक्षात येते की रस्ता खाली राहिला आणि घर वर गेले. मग पायऱ्या येतात. आमच्या घराला अकरा आहेत. कोणाच्या घराला पाच, कोणाच्या घराला वीस. घर दाखवायला आलेला माणूस खोल्या मोजतो, पायऱ्या कोणी मोजत नाही. पायऱ्या मोजायचे वय पुढे येते.

आमच्या मरहूम अब्बांच्या वेळी त्या जांभ्या दगडाच्या होत्या. जांभा दिसायला खडबडीत, पण पायाला धरून ठेवणारा. पुढे घर वाढवले तेव्हा तो दगड काढून काँक्रीटच्या पायऱ्या केल्या. गवंड्याने वरून सिमेंटची घोटाई अशी सुरेख केली की पाहणाऱ्याने हात फिरवून बघावा. उन्हाळ्यात त्या पायऱ्या खरोखर चांगल्या दिसतात. पण राधानगरीत उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि पाऊस घरच्यासारखा राहतो. मृग लागला की आकाश फाटते. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरते, पाण्याच्या दाबाने सात स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडतात आणि खाली भोगावतीकाठची गावे सावध होतात. कोल्हापूरच्या पेपरात तेवढीच बातमी येते. आमच्या पायऱ्यांवर चढणाऱ्या शेवाळाची बातमी कुठे येत नाही. जूनच्या अखेरीला घोटलेल्या सिमेंटवर हिरवी साय धरते. ब्लिचिंग पावडर टाकून खराटा मारला की चार दिवस निघते आणि पाचव्या दिवशी पुन्हा हजर.

२०२३ च्या जुलैमध्ये आमच्या फुफी कोकणातून फोंडा घाट चढून आमच्याकडे आल्या होत्या. असरची वेळ होती. खालच्या नळावर वजू करून त्या ओल्या पायांनी वर येत होत्या. तिसऱ्या पायरीवर पाय सुटला. त्यांनी हात पसरला, पण धरायला हवेशिवाय काही नव्हते. खुब्याचे हाड मोडले. कोल्हापुरात ऑपरेशन झाले, महिनाभराने त्यांना झोपवूनच घाटाखाली नेले. पुढचा रमजान त्यांनी पाहिला नाही. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. डॉक्टरांनी कागदावर वेगळे कारण लिहिले आणि ते बरोबरही असेल. पण पडण्याआधी त्या चालत होत्या आणि पडल्यानंतर चालल्या नाहीत, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा फटका सर्वात जास्त बसतो. अशा वेळी आपण म्हणतो, ‘वेळ आली होती.’ तकदीरवर आमचा ईमान आहे. पण उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशी शिकवण देणाऱ्या पैगंबरांचीच आम्ही उम्मत आहोत. आमच्या अकरा पायऱ्यांचा उंट मोकळाच होता.

फुफींच्या त्या प्रसंगानंतर आमच्या अम्मीने पायऱ्या उतरणे सोडले. तिने तसे जाहीर केले नाही. आज पाऊस आहे, आज गुडघा दुखतो, आज कोण येणार आहे, अशी कारणे होत गेली. शेजारच्या मावशींकडे हळदी-मसाल्याच्या निमित्ताने होणारी बैठक बंद झाली. एस.टी. स्टँडपाशी बसणाऱ्या भाजीवालीशी तिची वर्षानुवर्षांची घासाघीस होती, तीही थांबली. पोटमाळ्यावर ठेवलेल्या पितळी भांड्यासारखी ती वर राहिली. घरात सगळे होते. खायला, प्यायला, नमाज पढायला, टी.व्ही. बघायला. आम्ही भावंडे म्हणायचो, ‘अम्मी, हाक मार, हात धरून नेतो.’ ती हाक मारत नव्हती.

हात धरायला माणूस असणे आणि हात धरायला आधार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला बोलवावे लागते. तो जेवत असतो, फोनवर असतो, कामावर निघालेला असतो. तो आला की त्याच्या चालीने चालावे लागते. पोहोचल्यावर परतायची वेळ त्याला सांगावी लागते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जिने आयुष्यभर सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, तिला स्वतःच्या येण्या-जाण्यासाठी परवानगीसारखे काही मागावे लागणे जड जाते. लोखंडाला काही विचारावे लागत नाही.

७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान होते. मतदान चुकवायचे नाही ही अब्बांची घरात घालून दिलेली रीत. दोघा भावांनी अम्मीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले, दोन बाजूंनी उचलले आणि अकरा पायऱ्या खाली नेले. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. ती कलमा पढत होती. शाई लावून परत येताना पुन्हा तेच. वर आल्यावर ती पाणी प्याली आणि म्हणाली, ‘आता मला मतदानाला नेऊ नका. सामान उतरवतात तसं उतरवलंत मला.’

त्याच आठवड्यात रेलिंग बसवायचे ठरले.

ठरले म्हणजे अम्मी सोडून सगळ्यांचे ठरले. तिचे म्हणणे, ‘लोक विचारतील, कुणासाठी केलं? मग माझं नाव सांगाल.’ काठीलाही तिने याच कारणाने कधी हात लावला नव्हता. काठी धरली की म्हातारपण जाहीर झाले, असे तिला वाटे. आमच्या आपाने तेव्हा सूरह ताहामधली हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची गोष्ट काढली. अल्लाहने विचारले, तुझ्या हातात काय आहे? तेव्हा मूसांनी आपली काठी दाखवून पहिली गोष्ट सांगितली ती हीच की मी हिच्यावर टेकतो. बकऱ्यांसाठी पाला झाडायचे काम त्यानंतर सांगितले. काठीचा साप होणे, समुद्र दुभंगणे हे तर पुढचे. ‘पैगंबरांना टेकतो म्हणायला शरम वाटली नाही, तुला का वाटते?’ आपा म्हणाली. अम्मी म्हणाली, ‘त्यांच्याजवळ बकऱ्या होत्या. माझ्याजवळ काय आहे?’ पण ती हसली. आम्ही त्या हसण्याला होकार समजलो.

मिस्त्री गावातलेच. तरुणपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकून आलेले. ते आले आणि पहिली गोष्ट त्यांनी ही केली की टेप बाजूला ठेवून अम्मीला दारात बोलावले आणि तिचा हात बघितला. आम्हाला वाटले, नमस्कार करताहेत. ते मूठ बघत होते. रेलिंगला लोक जाडजूड पाईप लावतात, बघायला भरभक्कम दिसतो. पण बाईच्या मुठीत तो मावत नाही, हात नुसता वर टेकतो आणि पाय घसरला की निसटतो. बोटे आणि अंगठा भेटले पाहिजेत. त्यासाठी सव्वा इंची पाईप बरा. त्याची बाहेरची जाडी बेचाळीस मिलिमीटरच्या आसपास भरते. अपंग आणि वृद्धांसाठी सरकारने जी मानके ठरवली आहेत त्यांत ३८ ते ४५ मिलिमीटर असे सांगितले आहे. मिस्त्रींनी ते पुस्तक पाहिले नव्हते, त्यांनी मुठी पाहिल्या होत्या. उत्तर एकच आले.

उंचीचेही तसेच. पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर तीन फूट. त्याहून वर गेला तर खांदा उचलावा लागतो, खाली आला तर वाकावे लागते आणि वाकलेला माणूस उतरताना पुढे जातो. चढताना माणूस पडला तर हातावर पडतो, उतरताना पडला तर सगळाच पडतो. म्हणून रेलिंग उतरणाऱ्याच्या उजव्या हाताला घ्यायचे ठरले, कारण अम्मीचा जोर उजव्या हातात आणि पायऱ्यांची उघडी बाजूही तीच. शिवाय पाईप शेवटच्या पायरीवर संपवायचा नाही, वर आणि खाली एक-एक फूट पुढे काढायचा. म्हातारे माणूस शेवटची पायरी उतरून सपाटीवर उभे राहते त्या क्षणी त्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमका तिथेच बहुतेक कठडे संपलेले असतात. टोके खाली वळवून बंद करायची, म्हणजे ओढणी, पदर, पिशवीचा बंद अडकत नाही.

हे सगळे चालले असताना अम्मी दारातून बघत होती. मिस्त्रींनी पायरीवर खडूने खांबांच्या खुणा केल्या, कडेपासून चार-पाच इंच आत. तेव्हा ती बोलली.

‘मिस्त्री, जागा किती उरंल?’

‘सव्वातीन फूट उरंल की आजी. तुमी आरामात जातायसा.’

‘मी चालत जायाचं इचारत न्हाई. जनाजा सरळ उतरंल का?’

मिस्त्री खडू हातात धरून तसेच राहिले. ‘आजी, काय बोलतायसा! अजून शंभर वरीस हायसा तुमी.’

‘शंभर वरीस ऱ्हायले तरी शेवटाला ह्याच पायऱ्या उतरायच्या हायत. ह्यांचा जनाजा ह्याच पायऱ्यांनी उतरला. दोन बाजूंना दोन-दोन माणसं खांदा देत्यात. तुमचा पाईप मधी आला तर ती पोरं कुठनं उतरतील? वाकडा करून नेतील मला?’

आम्हाला काही बोलता आले नाही. अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा पायऱ्यांच्या उघड्या बाजूला खांदा देणाऱ्यांचे पाय किती कडेला होते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात नव्हते. तिच्या लक्षात होते. ती तेव्हा वरच्या खिडकीत उभी होती.

मिस्त्रींनी खुणा पुसल्या. मग बराच वेळ पायऱ्यांच्या बाजूने उभे राहून पाहिले आणि म्हणाले, खांब वर बसवायचेच नाहीत. पायऱ्यांच्या बाहेरच्या अंगाला, उभ्या बाजूवर प्लेट ठोकायची आणि खांब बाहेरून वर घ्यायचे. म्हणजे पायरीची सगळी रुंदी मोकळी राहील. काम थोडे जास्त, पाईप थोडा जास्त. पण असे केले की आणखी एक फायदा होतो, हे त्यांनी नंतर सांगितले. पायरीच्या वरच्या तोंडाला भोक पाडले की पावसाचे पाणी त्या भोकात मुरते. आतला बोल्ट गंजतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती मिळाली नाही की तो काँक्रीट फोडून घेतो. कडेची पायरी तडकते, खांब हलू लागतो. हलणारा कठडा नसलेल्या कठड्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. बाजूच्या अंगाला पाणी थांबत नाही, ओघळून जाते. अम्मीने जागा मागितली ती शेवटच्या दिवसासाठी, आणि त्यातून कठड्याचे आयुष्य वाढले.

काम दोन दिवसांचे झाले. ड्रिलने भोके पाडली, काँक्रीटच्या वरच्या कडेपासून चांगली चार बोटे खाली, म्हणजे बोल्ट आवळताना कड उडू नये. भोकातली धूळ फुंकून काढली, कारण धुळीत बसलेला बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि पहिल्या पावसात सैल होतो. चार खांब, ओळंब्यात. पाईप जी.आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. आमच्याकडच्या पावसात साधे लोखंड दोन वर्षांत तांबडे होते. पण जिथे वेल्डिंग होते तिथे मुलामा जळून जातो आणि जस्ताचा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री ताप भरतो. म्हणून मिस्त्रींनी जोडाच्या जागी जस्त आधी ग्राइंडरने काढले, वाऱ्याचा अंदाज घेऊन एका अंगाला बसले आणि काम झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकला. गुळाने ताप टळतो की नाही कोण जाणे, पण जुन्या कारागिरांची ती रीत आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात गुळाला नाही कोण म्हणणार! जोडांवर जस्ताचा रंग, वरून प्रायमर, वरून हिरवा ऑइल पेंट. नातवंडांसाठी मध्ये एक बारीक पाईप आडवा. खर्च एका मध्यम फ्रीजपेक्षा कमी आला.

रंग वाळायला दोन दिवस द्या, असे मिस्त्री सांगून गेले. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही उठलो तेव्हा दार उघडे होते आणि अम्मी घरात नव्हती. ती खाली शेजारच्या मावशींच्या ओट्यावर बसून चहा पीत होती. दोघी मिळून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. आम्हाला पाहून दोघीही गप्प झाल्या. दहा महिन्यांनी तिला आमच्यापासून लपवण्यासारखे काहीतरी मिळाले होते.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा खुर्ची काढावी लागली नाही. ती उतरली, आम्ही मागे चाललो. वाटेत ओळखीच्यांशी थांबत, बोलत ती गेली आणि कोणाला मत दिले हे तिने आम्हाला आजतागायत सांगितलेले नाही.

या कठड्याने आम्हाला आजूबाजूला बघायला शिकवले. आमच्या मशिदीलाही पायऱ्या आहेत. वजूच्या हौदावरून येणारे पाय ओले असतात, हे काही नवीन नाही. जुम्म्याला पहिल्या सफेत दिसणारे पाच-सहा बुजुर्ग एकेक करून दिसेनासे झाले होते. विचारले की उत्तर यायचे, ‘तब्येत बरी नसते, घरीच पढतात.’ तब्येत घरी बरी असते आणि पायऱ्यांवर बिघडते, असे कोणी म्हणत नव्हते. ज्यांचे गुडघे चांगले असतात तेच पायऱ्या बांधतात, तेच मशिदीच्या बैठकीला येतात आणि तेच ठरवतात की खर्च रंगावर करायचा की लाउडस्पीकरवर. जे येऊ शकत नाहीत त्यांचे मत त्या बैठकीत नसते. आमच्या घरचा कठडा बघून गेलेल्या दोघा-तिघांनी विषय काढला. ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतली सर्वात साधी म्हणजे रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे, ही हदीस प्रत्येकाला पाठ होती. मार्च २०२५ च्या रमजानआधी मशिदीच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी पाईप लागला. तरावीहला त्या बुजुर्गांपैकी तिघे आले. बाकीच्यांसाठी उशीर झाला होता.

कायद्याने हे सगळे केव्हाच सांगितले आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आधी १९९५ मध्ये झाला, पुढे २०१६ मध्ये नवा आला, सरकारी आणि सार्वजनिक इमारतींना रॅम्प आणि कठडे बंधनकारक झाले. पण कायदा कचेरीच्या दारापर्यंत येतो. माणूस कचेरीत राहत नाही, घरात राहतो आणि म्हातारपणी त्याचे जग घराच्या पायऱ्यांपाशी संपते. तिथे कठडा लावायचा तर तो घरच्यांनीच लावायचा.

आम्ही राधानगरीची माणसे, म्हणून आम्हाला शाहू महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. या गावाचे नाव त्यांनी आपल्या मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून ठेवले. इथले धरण त्यांनी सुरू केले आणि १९२२ मध्ये ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी ते पूर्ण झाले. १९०६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, बोर्डिंग उभे केले. त्याआधी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा ठेवल्या. त्यावर तेव्हाही लोक म्हणाले आणि आजही म्हणतात की आधार दिला की माणसे पंगू होतात. आमच्या अम्मीला खुर्चीतून उतरवले तेव्हा ती पंगू झाली होती. कठडा लावला तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चालली. पायऱ्या तिनेच उतरायच्या असतात, गुडघे तिचेच दुखतात, दम तिलाच लागतो. कठडा तिच्यासाठी एकही पायरी उतरत नाही. तो फक्त पडू देत नाही. बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या मुलाची परीक्षा कोणी दुसऱ्याने दिली नव्हती. आमच्या समाजाला गेल्या शंभर वर्षांत उचलून नेणारे पुष्कळ भेटले. विशेषतः मतदानाच्या दिवशी. कठडा लावणारे थोडे.

आता दरवर्षी मे महिन्यात आम्ही त्या पाईपावरून हात फिरवतो, जोड तपासतो, बोल्ट आवळतो, जिथे रंग उडाला असेल तिथे ब्रश मारतो. घोटलेल्या पायऱ्यांवर गवंड्याकडून टाचणी मारून खाचा पाडून घेतल्या आहेत, शेवाळ धरते पण पाय धरतो. वरच्या टोकाला, जिथे अम्मीचा हात पहिल्यांदा पडतो, तिथला रंग सगळ्यात आधी जातो. यंदा रंगवताना ती म्हणाली, ‘तेवढं राहू दे. हाताला सवय झालीय.’ म्हणून त्या वीतभर जागेला आम्ही रंग लावलेला नाही.